विश्लेषण : विंडोज १० चा आधार संपला, पण चारठाण्यातला जुना संगणक चालूच आहे, त्याचे करायचे काय?

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव प्राचीन मंदिरे आणि उंच मानस्तंभ यांसाठी ओळखले जाते. तिथे माझ्या मामांचे झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांचा फोन आला. “अरे, स्क्रीनवर इंग्रजीत मोठं पान आलंय. हे काय म्हणायलंय बघ बरं.” त्यांनी मोबाइलवर फोटो पाठवला. विंडोज १० चा आधार संपला आहे आणि तुमचा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही, अशा अर्थाची ती सूचना होती.

मामांनी पुढचा प्रश्न विचारला तो असा : “पण मशीन तर चालायलंय की!”

खरे आहे. संगणक बंद पडला नव्हता. त्या दिवशीही त्यावर अर्ज भरले गेले, प्रिंट निघाल्या. तरीही मायक्रोसॉफ्टच्या हिशेबी तो निवृत्त झाला होता. राज्यातल्या तालुक्या-तालुक्यांत सेवा केंद्रे, पतसंस्था, शाळा, अडत दुकाने आणि डीटीपीवाल्यांकडे असे असंख्य संगणक आहेत. नवा घ्यावा तर पैसे नाहीत, जुना ठेवावा तर धोका, आणि अपग्रेड करावा तर नेमका आता सुट्या भागांचा भाव वाढलेला. हा तिढा समजून घेऊ.

१४ ऑक्टोबरला नेमके काय थांबले?

विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा आधार संपला. याचा अर्थ संगणकाला कुलूप लागले असा नाही. त्या तारखेनंतर सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींवर मायक्रोसॉफ्ट आपणहून मोफत दुरुस्ती पाठवणार नाही, इतकाच. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचा आधारही त्याच दिवशी संपला, ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या लक्षात आली नाही.

घरगुती वापरकर्त्यांसाठी एक वर्षाची वाढीव मुदत आहे. तिच्यासाठी संगणकावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचे खाते हवे. संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर ठेवू दिला तर ही सोय फुकट मिळते. नाहीतर कंपनीच्या रिवॉर्ड योजनेतले १००० गुण द्यावेत किंवा ३० डॉलर मोजावेत. एका खात्यावर १० संगणक नोंदवता येतात. ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. म्हणजे आता नोंदणी केली तरी हाती काही महिनेच उरतात.

युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथल्या लोकांना बॅकअपची अट न घालता ही मुदत फुकट देण्यात आली. आपल्याकडे अट कायम राहिली. रक्कम किंवा अट किरकोळ असेलही, पण ग्राहक संघटित असला की नियम कसे वाकतात, हे यातून दिसले.

मामांच्या दुकानात आम्ही फोनवरूनच नोंदणी केली. सगळ्यात जास्त वेळ मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा पासवर्ड आठवण्यात गेला. कुठल्या तरी जुन्या नंबरवर ओटीपी जात होता आणि तो नंबर आता आजीच्या फोनमध्ये होता.

मग विंडोज ११ का चालत नाही?

चालण्याची ताकद नाही म्हणून नव्हे. विंडोज ११ ला लागणारी रॅम ४ जीबी, साठवण ६४ जीबी. एवढे तर जुन्या यंत्रातही असते. अडते ते दोन ठिकाणी. एक म्हणजे प्रोसेसरची पिढी. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतरचा हवा. एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिका किंवा पुढचा. दुसरी अट टीपीएम २.० ची. टीपीएम म्हणजे कूटलेखनाच्या किल्ल्या जपणारी छोटी तिजोरी. ती मदरबोर्डवर वेगळी चिप म्हणून असते किंवा प्रोसेसरच्याच आत.

इथे एक गोष्ट बऱ्याच दुकानदारांना माहीत नसते. प्रोसेसर आठव्या पिढीचा असूनही संगणक अपात्र दाखवत असेल, तर कारण अनेकदा साधे असते : टीपीएम आहे, पण बायोसमध्ये बंद आहे. असेंबल केलेल्या यंत्रांत हे सर्रास आढळते. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जावे. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की काल अपात्र असलेले यंत्र आज पात्र होते. नवा संगणक विकायला बसलेला माणूस हे सांगेलच असे नाही.

मामांचे यंत्र मात्र तिसऱ्या पिढीचे, आय३ प्रोसेसरचे. २०१३ च्या सुमारास परभणीहून असेंबल करून आणलेले. तिथे बायोसमधली कुठलीही कळ उपयोगाची नाही.

अटींना बगल देऊन विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या यूट्यूबवर भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच चालतातही. पण अशा यंत्राला पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही ठरावीक आज्ञा समजण्याची क्षमता सक्तीची झाली आहे. त्या आज्ञा कोअर टू ड्युओला समजतच नाहीत. त्यामुळे तिथे युक्ती करूनही प्रणाली सुरूच होत नाही. ज्या दुकानात लोकांची आधार कार्डे आणि बँक पासबुके स्कॅन होतात, तिथे असल्या जुगाडावर विसंबू नये, असे माझे मत आहे.

दुकानातला दुसरा संगणक

खरी गुंतागुंत पुढेच आहे. मामांच्या दुकानात कोपऱ्यात अजून एक संगणक आहे. २००७ चा. त्यावर विंडोज एक्सपी आहे, जिचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला. त्याला इंटरनेटची वायर कधी जोडलेली नाही. त्याचा की-बोर्ड टीव्हीएस गोल्ड, जुन्या गोल पिनचा. कळ दाबली की खट्ट असा आवाज येतो आणि मामा तो आवाज ऐकूनच टाइप करतात. नव्या यंत्राच्या मऊ की-बोर्डावर त्यांचा वेग निम्म्याने घटतो. बॉडी पिवळी पडली आहे, बाजूचे पत्र्याचे झाकण कायमचे उघडे आहे, आत फुंकर मारायला सोपे जावे म्हणून.

“हे फेकून का देत नाही?” असे मी दर सुट्टीत विचारायचो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात असताना तर मी त्या यंत्राची यथेच्छ टिंगल केली होती. उत्तर मात्र फार उशिरा समजले. गावातल्या लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिले, पतसंस्थेचे वार्षिक अहवाल, शाळेच्या स्मरणिका हे सगळे गेली अठरा वर्षे त्याच यंत्रावर, पेजमेकरमध्ये, तयार झाले आहे. आणि ते दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर उघडत नाही.

याला कारण मराठी टायपिंगचा इतिहास. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे काम आयआयटी कानपूर आणि पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये झाले. सीडॅकचे जिस्ट कार्ड बसवले की साध्या पीसीवर देवनागरी उमटू लागे. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली आणि तिच्यात देवनागरी होती. पण विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीचा नीट वापर शक्य झाला तो विंडोज २००० पासून. तोवर छपाईच्या धंद्याने आपली सोय लावून घेतली होती. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे आयएसएम अशी सॉफ्टवेअर बाजारात रुळली होती आणि प्रत्येकाची आतली व्यवस्था वेगळी होती.

ती व्यवस्था अशी. पडद्यावर ‘क’ दिसतो, कागदावरही ‘क’ छापला जातो, पण फाइलच्या पोटात त्या जागी एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असते. फॉन्ट फक्त त्या चिन्हाला ‘क’चा मुखवटा चढवतो. फॉन्ट काढून घेतला की पानभर निरर्थक चिन्हे उरतात. व्हॉट्सअॅपवर कुणी जुनी वर्ड फाइल पाठवल्यावर मोबाइलमध्ये जो अक्षरांचा चिवडा दिसतो, तो हाच.

बरे, फॉन्ट कॉपी करून नव्या यंत्रात टाकावा म्हटले, तर लॉक आडवे येते. हे लॉक म्हणजे संगणकाच्या मागे लावायचा अंगठ्याएवढा डोंगल. तो असेल तरच मराठी सॉफ्टवेअर चालते. मामांचे लॉक जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टमध्ये, म्हणजे पॅरलल पोर्टमध्ये बसते. नव्या मदरबोर्डवर हे पोर्ट नसते. यूएसबीला पॅरलल जोडणारी केबल बाजारात मिळते. ती प्रिंटरला चालते, पण लॉकला बहुतेक वेळा चालत नाही. कारण लॉकचे सॉफ्टवेअर थेट पोर्टच्या पत्त्यावर जाऊन चौकशी करते आणि त्या केबलला तो पत्ताच नसतो. ही केबल घेऊन फसलेले डीटीपीवाले मला परभणीतही भेटले आणि पुण्यातही.

पेजमेकरचीही तीच गत. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ सालची. तिला युनिकोड समजत नाही. म्हणजे नव्या यंत्रात पेजमेकर कसाबसा बसवला तरी आजच्या मोबाइलवरचा मराठी मजकूर त्यात चिकटवता येत नाही आणि त्यातला मजकूर मोबाइलवर नेता येत नाही. गिऱ्हाईक आता मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवते. मामा तो एका डोळ्याने वाचतात आणि पुन्हा अख्खा टाइप करतात.

म्हणून ‘जुना संगणक’ या दोन शब्दांत दोन वेगळे प्रश्न लपलेले आहेत. पहिल्या यंत्राचा आधार मायक्रोसॉफ्टने काढला. दुसऱ्याच्या बाबतीत कुणी काही काढलेले नाही. त्याच्यात आपला मजकूर अडकला आहे. पहिला प्रश्न पैशाने सुटतो. दुसरा नवा संगणक घेऊनही सुटत नाही, आणि ते यंत्र ज्या दिवशी कायमचे बंद पडेल त्या दिवशी गावाचा अठरा वर्षांचा छापील कारभार त्याच्यासोबत जाईल. मामांच्या यंत्राची हार्ड डिस्क तेवढीच जुनी आहे. माझ्या मते काळजी विंडोज ११ ची कमी आणि याची जास्त करायला हवी.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो का?

येतो, पण एका क्लिकवर नाही. जुन्या फॉन्टवरून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर मिळतात. अडचण अक्षरांच्या क्रमाची असते. जुन्या पद्धतीत ‘वि’ लिहिताना आधी वेलांटी साठवली जाते, मग ‘व’, दिसते तसेच. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो : आधी ‘व’, मग वेलांटी. रफाराचे उलटे. ‘सर्व’मधला रफार जुन्या फाइलमध्ये ‘व’नंतर असतो, युनिकोडमध्ये त्याच्या आधी. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’, ‘ळ’ची जोडाक्षरे, अनुस्वार आणि वेलांटी एकत्र आलेले शब्द इथे कन्व्हर्टर ठेचकाळतात. म्हणून रूपांतर झाल्यावर माणसाने प्रूफ वाचणे अटळ आहे.

त्यातल्या त्यात बरे म्हणजे, मजकूर बाहेर काढायला लॉक लागतेच असे नाही. फाइलमधली ती निरर्थक दिसणारी चिन्हे कॉपी करून कन्व्हर्टरला दिली की पुरते. फॉन्टचे नाव आणि आवृत्ती तेवढी अचूक माहीत हवी, कारण एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही चिन्हे बदललेली असू शकतात. त्याआधी करायचे एकच काम आहे आणि ते आजच करावे : त्या हार्ड डिस्कमधले सगळे दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घेणे. जुनी आयडीई हार्ड डिस्क यूएसबीला जोडणारी केबल फार महाग नसते.

अपग्रेड करायचेच तर सुरुवात कुठून?

आता पहिल्या यंत्राकडे येऊ. “रॅम वाढवा, फास्ट होईल” हा आपल्याकडचा पेटंट सल्ला. रॅम ४ जीबी असेल तर ८ करावी, हे ठीकच. पण दहा वर्षांपूर्वीचा संगणक रडतो तो मुख्यतः हार्ड डिस्कमुळे. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. सुई सरकायचा वेळ वेगळाच. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या खेपा होतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, म्हणून तीच खेप मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात होते. जुन्या बोर्डाचे साटा पोर्ट कमी वेगाचे असले तरी हा फायदा मिळतोच.

मामांच्या यंत्रात आम्ही २५६ जीबीची एसएसडी टाकली. पूर्वी सकाळी संगणक चालू करून मामा चहा सांगायचे आणि चहा पिऊन झाल्यावर कामाला बसायचे. आता चहा यायच्या आत पहिला अर्ज उघडलेला असतो.

त्याहून स्वस्त दुरुस्ती बायोसच्या बॅटरीची. मागच्या पावसाळ्यात एक दिवस दुकानात कुठलीच सरकारी वेबसाइट उघडेना. कनेक्शन सुरक्षित नाही, एवढेच ब्राउझर सांगत होता. मामांनी राउटर बंद-चालू केला, केबलवाल्याला बोलावले, रिचार्ज तपासले. मी पुण्याहून फोनवर अर्धा तास नेटवर्क सेटिंग तपासत बसलो. शेवटी त्यांच्या शेजारच्या दहावीतल्या मुलाने स्क्रीनच्या कोपऱ्यात बोट दाखवले : संगणकात तारीख कित्येक वर्षे मागची होती. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली होती. घड्याळ मागे गेले की वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रे संगणकाला भविष्यातली वाटतात आणि तो ती नाकारतो. नवी बॅटरी किराणा दुकानातही मिळते. लोडशेडिंगच्या गावांत, जिथे रात्री मेन स्विचच बंद केला जातो, तिथे ही बॅटरी लवकर संपते.

धूळ, उन्हाळा आणि कमी-जास्त होणारी वीज हे मराठवाड्यातल्या संगणकांचे तीन जुने शत्रू. पंख्याखालची पेस्ट वाळून गेली की प्रोसेसर तापतो आणि आपणहून वेग कमी करतो. लोक म्हणतात व्हायरस आला. एसएमपीएसचे किंवा बोर्डाचे कपॅसिटर डोक्यावर फुगले असतील तर मात्र त्या यंत्रात नवा पैसा घालू नये.

अजून एक ठेच. कंपनीच्या छोट्या कॅबिनेटमधल्या यंत्रात एसएमपीएस आणि त्याची जोडणी अनेकदा त्या कंपनीपुरतीच असते. एक भाग गेला की तोच भाग शोधत बसावे लागते. असेंबल केलेले यंत्र दिसायला ओबडधोबड, पण त्याचा सुटा भाग जिंतुरात नाही तर परभणीत, तिथे नाही तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सापडतो. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केले. कंपन्यांनी सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी, हा त्याचा हेतू. पण बारा वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डला त्याचा उपयोग नाही.

रॅम अचानक महाग का झाली?

याचे उत्तर चारठाण्यापासून फार लांब आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी अतिवेगवान मेमरी आणि आपल्या संगणकातली रॅम बनवणाऱ्या कंपन्या त्याच : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. डेटा सेंटरच्या मालात नफा जास्त, म्हणून कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. त्यातच डीडीआर४ हा जुना प्रकार बंद करण्याची तयारी या कंपन्यांनी आधीच सुरू केली होती. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकले. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने क्रुशियल या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदाच बंद करत असल्याचे जाहीर केले. एसएसडीच्या किमतीही वर सरकल्या.

वेळ पाहा. ऑक्टोबरात विंडोजने सांगितले नवा संगणक घ्या. डिसेंबरात बाजाराने सांगितले आता परवडणार नाही. ज्याला नवे यंत्र घेणे भागच आहे त्याने रॅम आधीच बसवलेले, कार्यालयांतून निघालेले वापरलेले यंत्र पाहावे. मात्र घेताना “आय५ आहे” किंवा “आय७ आहे” एवढ्यावर भुलू नये. आकडा वाचावा. आय७-३७७० तिसऱ्या पिढीचा, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. आय३-८१०० आठव्या पिढीचा, त्यावर चालते. रेषेनंतरचा पहिला आकडा ८ किंवा ९ असेल, किंवा १० ते १४ ने सुरुवात असेल, तर पुढे बोलणी करावीत.

काहीच न करता तसाच वापरला तर?

२०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांत संगणक बंद पाडले. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिली होती. बळी पडलेल्यांत सर्वाधिक संख्या विंडोज ७ ची होती. तिचा आधार तेव्हा चालू होता, दुरुस्ती उपलब्ध होती, फक्त लोकांनी बसवली नव्हती. महिनाभराने, जूनअखेर, तशाच दुसऱ्या हल्ल्यात उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. यंत्राचे वय हा मुद्दा नव्हता. दुरुस्ती बसलेली नसणे हा होता. वाढीव मुदत न घेतलेले प्रत्येक विंडोज १० यंत्र रोज थोडे थोडे त्या अवस्थेकडे सरकते आहे.

आणि गावातले सेवा दुकान हे घरच्या संगणकासारखे नाही. शेतकरी ओळखपत्राची नोंदणी, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालेले अकरावीचे प्रवेश, या प्रत्येक वेळी अर्धे गाव तिथे कागद घेऊन रांगेत उभे होते. ते कागद स्कॅन होऊन कुठे राहिले? डेस्कटॉपवर, ‘नवीन फोल्डर २’ मध्ये. मामांच्या यंत्रात आम्हाला अशा हजारभर फाइली सापडल्या. आम्ही त्या पुसल्या, आणि काम झाले की त्याच दिवशी पुसायची सवय लावून घेतली. एक्सपीच्या यंत्राला नेट न जोडण्याचा मामांचा जुना हट्ट मात्र अगदी बरोबर होता. त्यात पेन ड्राइव्ह घालताना तेवढा तो आधी दुसऱ्या यंत्रावर तपासून घ्यावा.

लिनक्सचे काय?

ज्याला फक्त ब्राउझर, पीडीएफ आणि टायपिंग हवे, त्याच्या जुन्या यंत्रासाठी लिनक्स मिंट चांगला पर्याय आहे. केरळने शाळांत मुक्त सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे चालवून दाखवले आहे. सीडॅकचे बॉस लिनक्सही आहे. पण सेवा केंद्रात अंगठा घेणारे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन आणि जुना प्रिंटर यांची सॉफ्टवेअर बहुधा विंडोज गृहीत धरूनच केलेली असतात. मामांकडे आम्ही आठवडाभर प्रयोग केला. मराठी टायपिंग झकास चालले, प्रिंटरने दोन दिवसांत शरणागती पत्करली, अंगठ्याच्या यंत्राने दाद दिली नाही. शिवाय लिनक्सही कायम वाट पाहत बसणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने जुन्या ३२ बिट यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली.

भंगारात देताना

२०२३ च्या एप्रिलपासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. चारठाण्यात मात्र भंगारवाला वजनावर घेतो. तांबे आणि पत्रा काढतो, बाकीचे कुठे जाते ते कुणी विचारत नाही. किमान हार्ड डिस्क काढून ठेवावी. फाइल डिलीट केली म्हणजे ती गेली असे नसते, आणि फॉरमॅट केलेल्या डिस्कमधूनही कुणाचे पासबुक परत निघू शकते. तबकडीची हार्ड डिस्क असेल तर ड्रिलने आरपार भोक पाडणे हा लोहाराकडे होणारा खात्रीचा उपाय आहे.

जानेवारीत मी चारठाण्याला गेलो तेव्हा एक्सपीच्या यंत्रातली हार्ड डिस्क दोन ठिकाणी उतरवून घेतली. रूपांतराला पहिली घेतली ती शाळेची २००९ सालची स्मरणिका. छापलेली प्रत शाळेत उरलेली नाही. कन्व्हर्टरमधून निघालेली पाने प्रिंट करून मामांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्याच ओळीत थांबले. जिंतूरचे ‘जंितूर’ झाले होते, वेलांटी आणि अनुस्वार यांची अदलाबदल होऊन. पुढे प्रत्येक पानावर तेच. “हे तर प्रेसवाल्यानं बी कधी केलं नव्हतं,” म्हणाले आणि कानामागची पेन्सिल काढली. त्या स्मरणिकेची बारा पाने वाचून झाली आहेत. पतसंस्थेचे अहवाल अजून उघडलेले नाहीत.